थांबाकाकू आणि उपडा फिल्टर

आमच्या गॅरेजगल्लीत मोटारीच्या सुट्या भागांची सहा दुकानं आहेत. पाच दुकानांत वस्तू मागितली की मिळते. सहाव्यात आधी "थांबा" मिळतं. तिथे काउंटरमागे साठी ओलांडलेल्या एक बाई बसतात. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, केसांत पेन्सिल खोचलेली, बोटांच्या पेरांत कधीच न निघणारं काळं तेल. सगळी गल्ली त्यांना पाठीमागे थांबाकाकू म्हणते. हे त्यांना माहीत आहे आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. मला मात्र त्या एका शब्दाचा पहिल्या दिवशी भयंकर राग आला होता. त्या रागापायी मी काय करून बसलो, ते आधी सांगायला हवं.

मी गणिताचा मास्तर. तेहतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे मी स्वतःच सांगतो, म्हणजे दुसऱ्याला सांगायचे कष्ट नकोत. बायको होती तोवर ती मला आवरायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी थोरल्या बहिणीकडे, ताईकडे राहतो.

ताई अडुसष्ट वर्षांची. इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी तिने शेवटपर्यंत केली. लग्न केलं नाही. सगळ्यांनी लग्नाचं विचारून विचारून हात टेकले, तेव्हा तिने साठवलेल्या पैशांतून एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. लाल, बुटकी, दोनच माणसांची, छप्पर मागे टाकता येणारी. घेतली तेव्हाच ती गाडी दहा वर्षांची होती. आज ताईला ती गाडी घेऊन सदतीस वर्षं झालीत, आणि या सदतीस वर्षांत गाडीला ताई आणि तिचा मेकॅनिक सोडून कोणी हात लावलेला नव्हता. मला धुवायची परवानगी होती, तीही मऊ फडक्याने.

या वर्षी ताईच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग, कडेचं तेवढं स्वच्छ. एका सोमवारी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेली. मला बरोबर येऊ दिलं नाही. मी दवाखान्यात नर्सशी भांडतो म्हणे. ती परत येईपर्यंत तिच्यासाठी काहीतरी करावं असं माझ्या मनात आलं. गाडीचं ऑइल बदलायला झालं होतं, आणि मेकॅनिक गावाला गेला होता. मी म्हटलं, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणं म्हणजे काही रॉकेट उडवणं नाही. पुस्तकात बघितलं, इंजिनखाली परात सरकवली, तेल काढलं, जुना फिल्टर सोडवला. आमटीच्या डब्याएवढा लोखंडी डबा, एका बाजूला तोंड, तोंडाशी रबराची कडी. पट्टीने तोंडाचा व्यास मोजला, आटे मोजले, कागदावर लिहिलं आणि गॅरेजगल्लीत गेलो.

पहिलं दुकान लागलं ते थांबाकाकूंचं.

मी कागद पुढे केला. "हे माप. फिल्टर द्या."

"थांबा," त्या म्हणाल्या. "गाडी कोणती?"

मी गाडी सांगितली. त्यांनी चष्मा चढवला. "ती लाल? छप्पर मागे जाणारी? वा. जुना फिल्टर आणलाय?"

"माप आणलंय ना. जुना कशाला?"

"थांबा हो. इंजिनवर तो बसतो कसा? उभा, आडवा का उपडा?"

"फिल्टर फिल्टरसारखा बसतो," मी म्हणालो. "मी तेहतीस वर्षं गणित शिकवलंय. व्यास बरोबर आहे, आटे बरोबर आहेत. यापलीकडे तुम्हाला काय हवंय?"

"उभा, आडवा का उपडा," त्यांनी पुन्हा तेच विचारलं. अगदी शांतपणे. "घरी जाऊन बघून या. मी इथेच आहे."

माझं डोकं फिरलं. पोरांना मी आयुष्यभर असंच जागेवर परत पाठवत आलो. आता या वयात कोणी मला परत पाठवावं? मी कागद उचलला, "तुमचं दुकान असंच चालायचं" असं काहीतरी बोललो आणि समोरच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने कागद बघून दोन मिनिटांत फिल्टर हातात दिला, वर हसून नमस्कारही केला. मला वाटलं, याला म्हणतात दुकानदार.

घरी येऊन फिल्टर बसवला. आटे लोण्यासारखे बसले. पुन्हा तेल गळायला नको म्हणून पाना लावून चांगला करकचून आवळला. नवं तेल भरलं. ताई फाटकातून आत आली तेव्हा मी कोपरापर्यंत काळा होऊन दारात उभा होतो आणि माझं मलाच कौतुक वाटत होतं. "तुझ्या गाडीचं ऑइल बदललं. फिल्टरसकट. स्वतः," मी म्हणालो. ताई माझ्याकडे बघत राहिली, मग हसली, म्हणाली, "अरे वा. आता हात धू, जेवू या."

जेवताना तिने डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, या महिन्यापुरतं चालवायला हरकत नाही. पुढच्या महिन्यापासून चालवायचं नाही. कधीच नाही.

"म्हणजे तेरा दिवस," ती म्हणाली. "शेवटच्या रविवारी डोंगरातल्या रस्त्याने तळ्यापर्यंत जाऊन यायचं. मग बंद. तू येशील ना बरोबर?"

मी येईन म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने किल्ली फिरवली आणि इंजिनातून खडखड असा आवाज आला. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. समोरचा तेलाचा लाल दिवा लागून राहिला. चार-पाच सेकंदांत आवाज थांबला, दिवा विझला, गाडी नेहमीसारखी चालू. ताईने क्षणभर मान तिरकी करून ऐकलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवसभरात कितीही वेळा सुरू करा, काही नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळी खडखड.

मेकॅनिक गुरुवारी गावाहून आला. त्याने सकाळी येऊन ऐकलं आणि तोंड पाडलं. "ताई, बेअरिंगं वाजतायत. वय झालं इंजिनाचं. उघडावं लागेल. दीड महिना धरा. आणि तोवर डोंगरात नेऊ नका. वळणावर इंजिन धरलं तर गाडी जागच्या जागी अडकेल."

"मध्ये कोणी काही काम केलं का?" त्याने विचारलं.

मी तिथेच उभा होतो. "ऑइल बदललंय," मी म्हणालो. "नेहमीचंच." फिल्टरबद्दल बोललो नाही. खरं सांगायचं तर तोवर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. आवाज बरोबर माझ्या फिल्टरनंतर सुरू झाला होता. पण आटे बसले होते, व्यास बरोबर होता, आणि मी चुकलो हे कबूल करायची मला सवय नव्हती.

ताई म्हणाली, "असू दे. तिचेही दिवस भरले, माझेही. आपण तळ्याला बसने जाऊ." आणि गाडीवर कापड घालायला गेली.

मला रात्री झोप लागली नाही हे सांगायला नकोच. शुक्रवारी सकाळी मी पहिल्यांदा गाडीखाली आडवा होऊन नीट बघितलं. सोमवारी आटे जुळवायच्या नादात तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. फिल्टर इंजिनाच्या कडेला, वर तळ आणि खाली तोंड, असा बसला होता. उपडा.

थांबाकाकूंच्या दुकानात पाऊल टाकताना मला माझ्याच वर्गात उशिरा येणाऱ्या पोरासारखं झालं. त्या एका गिऱ्हाइकाला पंख्याचा पट्टा मोजून देत होत्या. मी बाकावर बसलो. तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. टोमणा मारायला एवढी चांगली संधी कुणाला मिळते? त्यांनी मारला नाही.

"उपडा," मी म्हणालो.

"सोडवून आणा," त्या म्हणाल्या. "आणि सकाळी किती सेकंद खडखड होते ते सांगा."

मी खडखडीचा शब्दही काढला नव्हता. "तुम्हाला कसं कळलं?"

"उपडा म्हणालात ना. दुसरं काय होणार?"

मी तासाभरात फिल्टर घेऊन आलो. त्यांनी तो हातात फिरवला, पत्र्यावरच्या ओरखड्यांवर अंगठा फिरवला. "कोणी बसवला हा?"

"मेकॅनिकने," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मेकॅनिक हाताने बसवतो, मास्तर. रबराला तेलाचं बोट लावायचं, टेकला की पाऊण फेरा, बस्स. पान्याने आवळतो तो ज्याला गळायची भीती वाटते." एवढं बोलून त्यांनी तो विषय तिथेच सोडला. माझे कान तापले. मी मास्तर आहे हे मी आधीच ओरडून सांगितलं होतं, त्यामुळे तेही नाकारता येईना.

मग त्यांनी फिल्टर शिकंज्यात धरला, लोखंड कापायची करवत घेतली आणि डब्याची कड कापली. त्यांच्यामागे भिंतीला काचेचं एक कपाट आहे. त्यात असेच कापलेले चाळीसेक फिल्टर मांडलेले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा. मला ते आधी भंगार वाटलं होतं. त्यातला एक काढून त्यांनी माझ्याशेजारी ठेवला.

"हा बघा. तोंडाच्या भोकांच्या आत रबराचा पडदा आहे. तेल आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. आता तुमचा बघा. पडदा आहे?"

नव्हता. आत सरळ कागद.

"हा वाईट फिल्टर नाही," त्या म्हणाल्या. "चांगलाच आहे. ज्या इंजिनात तो तोंड वर करून उभा बसतो, तिथे पडद्याची गरजच नसते. भरलेला पेला उभा ठेवला तर पाणी कुठे जातंय? तुमच्याकडे पेला उपडा आहे. रात्रभरात सगळं तेल खाली उतरतं. सकाळी किल्ली फिरवली की आधी तो डबा भरायचा आणि मग तेल इंजिनात जायचं. तेवढे चार सेकंद इंजिन कोरडं फिरतं."

मी वहीत मांडायचो तशी ती गोष्ट माझ्या डोक्यात मांडली गेली. एकेक पायरी बरोबर. उत्तरही बरोबर, फक्त प्रश्न मी भलताच सोडवला होता.

"म्हणजे बेअरिंगं गेली?" मी विचारलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "तीन सकाळी झाल्या. सोमवारी मी... मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडावं लागेल. आणि महिनाअखेरीनंतर ताईला गाडी चालवता येणार नाही. शेवटच्या रविवारी तिला तळ्यावर जायचंय." हे सगळं मी त्यांना का सांगत होतो कोण जाणे. पण एकदा सुरू झालं ते थांबेना.

"थांबा," त्या म्हणाल्या, आणि या वेळी मला राग आला नाही.

फिल्टरच्या आतला घडीघडीचा कागद त्यांनी काढला, कापून सरळ केला, पिळला आणि पांढऱ्या ताटलीत पसरला. दिवा जवळ ओढला. मग खिशातून लोहचुंबक काढून कागदावरून एकेका घडीवरून फिरवलं. एक घडी, दुसरी घडी. साठ-सत्तर घड्या असतील. त्यांनी एकही सोडली नाही. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही "थांबा" मिळालं. तो मुकाट्याने माझ्या शेजारी बसला. बहुतेक जुना असावा.

"बेअरिंग झिजलं की कागदावर चमक येते," त्या ताटलीवरून नजर न काढता म्हणाल्या. "चांदीसारखी, नाहीतर तांब्यासारखी." शेवटची घडी झाली. त्यांनी ताटली माझ्यासमोर सरकवली. "काळं आहे फक्त. जळकं तेल. चमक नाही. तुमच्या ताईंचं इंजिन शाबूत आहे. अजून काही सकाळी अशाच गेल्या असत्या तर सांगता आलं नसतं."

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. शेजारचं गिऱ्हाईक पंख्याकडे बघायला लागलं.

आता हवा होता फक्त बरोबर फिल्टर, आणि ते काम वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. काकूंनी एकामागून एक डबे काउंटरवर मांडले. पहिल्याला पडदा होता, पण तो लांब होता. "डोंगरात गाडी पूर्ण वळवली की स्टीअरिंगचा दांडा याच्यावर घासेल. सपाट रस्त्यावर कळणारही नाही." दुसऱ्याचं सगळं बरोबर होतं, पण त्याच मापाच्या एका आटेदार नळीवर फिरवून बघितला तर दोन फेऱ्यांनंतर अडकला. आट्यांत केसभर फरक.

"जोर लावला तर बसेल की," मी म्हणालो. बघा, माणूस सुधारायला वेळ लागतो.

"बसेल," त्या म्हणाल्या. "आणि इंजिनचे आटे खाऊन बसेल." त्यांनी तो डबा उचलून मागे ठेवला, माझ्या हाताला लागणार नाही असा.

मग त्यांनी कॅटलॉग उघडला. केसांतली पेन्सिल काढून कॅटलॉगच्या कडेला टकटक करत राहिल्या. अचानक म्हणाल्या, "हे इंजिन मी दुसरीकडे बघितलंय. तुमच्या गाडीच्या कंपनीने हेच इंजिन मालगोदामातल्या फोर्कलिफ्टला घातलं होतं. त्याचा माणूस वर्षातून दोनदा माझ्याकडे यायचा. त्याचाही फिल्टर उपडाच."

ताईच्या लाल राणीला फोर्कलिफ्टचा फिल्टर! मी हसलो. काकूही हसल्या, पहिल्यांदाच. "गाडीला नका सांगू," त्या म्हणाल्या.

मागच्या खोलीत त्या शिडीवर चढल्या. एक डबा निघाला, एकच. माप बरोबर, आटे बरोबर, लांबी बरोबर. मी हात पुढे केला. त्यांनी एक आगकाडी घेतली, तोंडाच्या भोकातून आत घालून पडदा दाबला आणि मान हलवली. "सात वर्षं फळीवर होता. रबर कडक झालंय. दबला तर परत बसणार नाही नीट. हा नाही देणार."

"द्या हो, एकदाच जायचंय," मी अक्षरशः हात जोडले. "एकच रविवार."

"म्हणून तर नाही देणार," त्या म्हणाल्या. "दहा रविवार असते तर एखादेवेळी दिला असता. थांबा. मी मागवते."

त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. चौथ्या माणसाकडे होता, नवा, याच वर्षीचा. येईल बुधवारी नाहीतर गुरुवारी. गाडी तोवर सुरू करायची नाही असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मी निघालो, आणि दारातून परत आलो. मागच्या सोमवारी जे बोललो होतो त्याची माफी मागितली. त्यांनी हात हलवला.

"ओरडणाऱ्याचं मला काही वाटत नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "न ओरडणाऱ्याचं वाटतं." आणि मग, ताटलीतला काळा कागद वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

दुकान त्यांच्या यजमानांचं. यजमान फार झपाट्याचे होते, नुसत्या नजरेने माल ओळखायचे. लग्नानंतर त्या दुपारी यजमानांचा डबा घेऊन यायच्या आणि ते जेवेपर्यंत काउंटर सांभाळायच्या. एकदा एक टॅक्सीवाला फिल्टर मागायला आला. यजमान मागे जेवत होते. "मलाही वाटलं, मी पण नजरेने ओळखीन. दिला एक. बसला. पंधरा दिवसांनी त्याचं इंजिन अडकलं. तो आला, तुमच्यासारखाच या बाकावर बसला. मी वाट बघत होते तो कधी ओरडतो याची. ओरडलाच नाही. अर्धा तास बसला, पाणी प्यायला, म्हणाला, 'तुमची चूक नाही बाई, बसला होता ना तो.' आणि गेला. ओरडला असता तर मी चार दिवस रडले असते आणि विसरले असते."

त्यानंतर त्यांनी टॅक्सीवाल्याचा तो फिल्टर मागून घेतला आणि करवतीने कापला, आत काय होतं ते बघायला. कपाटातला एक नंबरचा डबा तोच. गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत. पण प्रत्येक नव्या जातीचा फिल्टर आला की एक कापायचा, हे तेव्हापासून. यजमान हसायचे, म्हणायचे, विकायचे का कापायचे? आता यजमानही नाहीत. कापणं चालूच आहे.

"ताईंना सांगितलंत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काय?"

"मेकॅनिकचं," त्या म्हणाल्या आणि वर्तमानपत्राची पुरचुंडी टोपलीत टाकली.

मी दाराकडे वळलो.

मंगळवारी दुकानात चक्कर मारली, फिल्टर नव्हता. बुधवारी दोनदा मारली. गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. घरी ताईला सांगितलं होतं की एका जाणकार बाईंच्या मते इंजिन ठीक असावं, एक भाग यायचाय. ती "बरं" एवढंच म्हणाली; काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी मी सांगायचं ठरवायचो आणि रोज जेवणात मीठ कमी असल्याबद्दल बोलायचो.

फिल्टर आला शनिवारी दुपारी. काकूंनी आगकाडीने पडदा तीनदा दाबून बघितला, तारीख बघितली, खडूने त्यावर बसवायची तारीख लिहिली. "आज संध्याकाळी बसवा. हाताने. सकाळी मी ऐकायला येते."

रविवारी सकाळी दुकान बंद असतं, म्हणजे त्या त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आल्या. ताई आणि त्या फाटकात एकमेकींना पहिल्यांदा भेटल्या. ताईने त्यांचा हात हातात घेतला आणि पेरांतल्या काळ्या रेघांवरून बोट फिरवलं. "एक्स-रे धुताना माझ्याही हातांना डाग पडायचे," ती म्हणाली. बस्स, एवढीच ओळख. आणि मला चहा ठेवायला पाठवलं.

मी परत आलो तेव्हा काकू इंजिनाजवळ वाकून उभ्या होत्या. ताईने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि मी "एक" म्हणायच्या आत विझला. खडखड नाही. नुसता तो खालच्या पट्टीतला, जाडसर, गुरगुरता आवाज, जो मी सदतीस वर्षं घरात, फोनवर, गल्लीच्या टोकावरून ऐकत आलो होतो. काकूंनी मान वर केली नाही. चांगली दोन मिनिटं ऐकत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि पदराला हात पुसले.

गाडी दोघांचीच. मी दार उघडून काकूंना म्हटलं, "तुम्ही बसा. तुमच्यामुळे निघालीये ती." मी हे मनापासून म्हणत होतो. या बाईंना मी हाकलल्यासारखं बोललो होतो आणि त्यांनी माझ्या बहिणीचा रविवार परत आणून दिला होता. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काय होतं?

काकू माझ्या जवळ आल्या आणि ताईला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणाल्या, "तुमचं काम राहिलंय ना अजून? बसा तुम्ही." मग मोठ्याने म्हणाल्या, "मला वाऱ्याने सर्दी होते." आणि चहाचा रिकामा कप माझ्या हातात देऊन चालू लागल्या.

आम्ही निघालो. छप्पर मागे टाकलेलं. शहर संपलं, चढ सुरू झाला. ताई मान किंचित तिरकी करून चालवत होती, डोळ्यांच्या कडेने बघत, प्रत्येक वळणाआधी वेग कमी करत. मी वळणं सांगत होतो, डावं, उजवं, समोरून ट्रक. तळ्यापर्यंत मी दुसरं काही बोललो नाही. तिथे आम्ही दगडावर बसलो, डब्यातलं खाल्लं. तरीही बोललो नाही. परतीच्या वाटेवर अर्धा उतार संपला तेव्हा मला कळलं की आता नाही तर कधीच नाही.

"ताई, तो आवाज माझ्यामुळे होता," मी म्हणालो. "मी चुकीचा फिल्टर घातला होता. काकूंनी विचारलं होतं, मी भांडून निघून आलो. मेकॅनिकने विचारलं तेव्हाही मी बोललो नाही. तुझा आजचा दिवस मी घालवणार होतो."

ताईने वळण घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या सकाळपासून. सदतीस वर्षांत वाजली नाही ती तुझा हात लागल्यावर दुसऱ्या दिवशी वाजली. माझे डोळे गेलेत, कान नाही गेले."

"मग मेकॅनिकला का नाही सांगितलंस? एका शब्दाचं काम होतं."

तिने गिअर बदलला. "मी डॉक्टरांचं ऐकून घरी आले, तर तू दारात हात काळे करून उभा होतास," ती म्हणाली. "तुझी बायको गेल्यापासून तुला इतकं खूश मी बघितलं नव्हतं. तीन वर्षं तू कशालाच हात लावला नव्हतास. गाडी काय, महिनाअखेरीला बंदच व्हायची होती. पण तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा कशालाच हात लावला नसतास."

दुसऱ्या सकाळी, तिसऱ्या सकाळी तिने ती खडखड ऐकली होती, मेकॅनिकसमोर उभी राहिली होती, गाडीवर कापड घातलं होतं, आणि हे सगळं माझ्यासाठी गिळून टाकलं होतं. आणि मी इकडे मीठ कमी आहे म्हणत होतो. काकूंनी मला या सीटवर का बसवलं तेही मला आता समजलं. त्या दोघींनी मिळून मला किती सांभाळून घेतलं होतं, हे तेरा दिवसांत मला दिसलं नव्हतं.

"ताई—" मी सुरुवात केली.

"आता बोलू नकोस," ती म्हणाली. "मला ऐकू दे तिला."

शहर लागेपर्यंत अजून नऊ किलोमीटर होते. उतार संपला होता, पुढे वळणं नव्हती, सांगण्यासारखं काही नव्हतं. मी डोळे मिटले आणि तिच्याबरोबर ऐकत राहिलो.